काचेवरचे आकाश आणि माळ्यावरचा कॅमेरा



ज्या शाळेत मी मुळाक्षरे गिरवली, तिच्याच व्यासपीठावरून आमच्या सरांच्या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम संकोचच वाटला. मी इतिहासाचा अभ्यासक नाही, खगोलशास्त्राचा तर नाहीच. माझे सारे आयुष्य बँकेच्या खातेवह्यांत गेले. परंतु सरांचे एक जुने देणे माझ्याकडे अनेक वर्षे थकले होते. ते आज या निमित्ताने, सर्वांच्या साक्षीने, अंशतः तरी फेडावे, एवढ्याच हेतूने मी उभा आहे. ते देणे समजण्यासाठी आपल्या या हैदराबाद शहराच्या इतिहासातील एक काहीसे विस्मृतीत गेलेले पान उलगडावे लागेल.

सेवानिवृत्तीनंतर काचीगुड्याचे आमचे जुने घर रिकामे करण्याची वेळ आली. माळ्यावर एक पत्र्याची पेटी निघाली. तिच्यात एक रशियन बनावटीचा झेनिट कॅमेरा, त्याचे ५८ मिलिमीटरचे हेलिऑस भिंग, बिजागरीने जोडलेल्या दोन सागवानी फळ्या, गंजून गेलेला एक लांब बोल्ट, निगेटिव्हच्या गुंडाळ्या असलेले अकरा डबे आणि कापडी बांधणीची एक वही होती. भिंगावर बुरशीचे जाळे पसरले होते. कॅमेऱ्याचा पडदा निम्म्यावर अडकत होता. हे सारे साहित्य सरांचे. १९८८ साली नोकरीसाठी मी गाव सोडले, तेव्हा त्यांनी ते माझ्या स्वाधीन केले होते आणि एकच गोष्ट सांगितली होती, "चित्रे काढशीलच, पण वही थांबू देऊ नकोस."

वही थांबली होती. तिचा खुलासा पुढे करीन.

मित्रहो, आकाशाचे छायाचित्र घेण्याची कल्पना छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. १८४० साली न्यूयॉर्क येथे जॉन विल्यम ड्रेपर यांनी चंद्राचे चित्र घेतले. १८५० साली हार्वर्डच्या वेधशाळेत अभिजित ताऱ्याचे चित्र उमटले. सूर्य वगळता चित्रात आलेला तो पहिला तारा. तथापि, त्या काळच्या ओल्या काचा काही मिनिटांतच सुकून निकामी होत. मंद ताऱ्यांचा प्रकाश तासन्‌तास साठवणे त्यांना शक्य नव्हते. पुढे जिलेटिनच्या कोरड्या काचा आल्या आणि ही अडचण दूर झाली. १८८२ साली मोठा धूमकेतू दिसला. आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरील केपच्या वेधशाळेचे प्रमुख डेव्हिड गिल यांनी स्थानिक छायाचित्रकाराच्या साह्याने, त्याचाच कॅमेरा दुर्बिणीला बांधून, त्या धूमकेतूची चित्रे घेतली. चित्रे तयार झाल्यावर त्यांना धूमकेतूपेक्षाही अधिक नवल वाटले ते त्याच्या मागे उमटलेल्या असंख्य ताऱ्यांचे. जे तारे मोजण्यास माणसाला पिढ्या लागल्या असत्या, ते एका रात्रीत काचेवर आपण होऊन उतरले होते.

या अनुभवातून एक अचाट योजना जन्माला आली. १८८७ साली पॅरिस येथे वेधशाळेचे प्रमुख अर्नेस्ट मुशे यांच्या पुढाकाराने देशोदेशींचे ज्योतिर्विद जमले आणि संपूर्ण आकाशाची छायाचित्रे घेऊन ताऱ्यांची सूची करण्याचे ठरले. आकाशाचे आडवे पट्टे पाडून ते निरनिराळ्या वेधशाळांना वाटून दिले. काचेचे माप १६ सेंटिमीटर चौरस. प्रमाण असे की काचेवरचा एक मिलिमीटर म्हणजे आकाशातील एक कला, अर्थात अंशाचा साठावा भाग. प्रत्येक काचेवर पाच-पाच मिलिमीटर अंतराच्या रेषांचे जाळे छापायचे आणि त्या चौकटींच्या आधारे प्रत्येक ताऱ्याचे स्थान सूक्ष्मदर्शकातून हाताने मोजायचे. काम काही वर्षांत उरकेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात अनेक दशके लागली, काही वेधशाळांनी मध्येच अंग काढून घेतले, आणि आकाशाचा सचित्र नकाशा हा योजनेचा दुसरा भाग तर कधीच पूर्ण झाला नाही.

आपल्या देशात या विद्येच्या वाटचालीत मराठी मुलखाचाही वाटा आहे, हे सांगताना मला अभिमान वाटतो. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात वेधशाळा उभी राहिली. १८८८ पासून तिची धुरा कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी वाहिली. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा पश्चिम भारतावरून गेला, तेव्हा करमाळा तालुक्यातील जेऊर येथे नायगामवालांनी तळ ठोकला होता. अमेरिकेतील लिक वेधशाळेची मंडळीही आपला चाळीस फुटी कॅमेरा घेऊन जेऊरलाच उतरली होती. परंतु १९१२ साली नायगामवाला निवृत्त झाले आणि पुण्याची वेधशाळा बंद झाली. तिची वीस इंची दुर्बीण कोडईकॅनॉलला रवाना झाली. ती वेधशाळा मुख्यतः सूर्याच्या अभ्यासाची, त्यामुळे ताऱ्यांसाठी घडवलेले ते यंत्र तेथे दीर्घकाळ उपयोगाविना राहिले. माणूस गेला की यंत्र पोरके होते. माझ्या माळ्यावरच्या पेटीने हेच मला लहान प्रमाणावर दाखवले.

आता आपल्या शहराकडे येऊ. हैदराबादच्या वेधशाळेचा आरंभ सरकारी हुकमाने झालेला नाही. तो एका हौशी माणसाच्या छंदातून झाला. निजामाच्या दरबारातील नवाब जफर जंग यांचे शिक्षण इंग्लंडात झाले होते आणि तेथेच त्यांना तारे पाहण्याची गोडी लागली. १९०१ च्या सुमारास त्यांनी ग्रब यांची पंधरा इंची दुर्बीण विकत आणून फिसलबंडा येथील आपल्या जागेत वेधशाळा मांडली आणि निजामाच्या अनुज्ञेने तिला 'निजामिया' हे नाव दिले. आकाशाच्या छायाचित्रणासाठी कुक कंपनीचा आठ इंची ज्योतिर्लेखकही त्यांनी घेतला. १९०७ साली ते निवर्तले. त्यानंतर सरकारने वेधशाळा आपल्याकडे घेतली आणि ती बेगमपेठेच्या टेकाडावर हलवली. आर्थर चॅटवुड हे पहिले संचालक झाले.

पॅरिसच्या योजनेत दक्षिण गोलार्धातील १७ ते २३ अंशांचा पट्टा मुळात चिलीतील सांतियागोच्या वेधशाळेकडे होता. तेथे ते काम झाले नाही आणि तो पट्टा हैदराबादकडे आला. भौगोलिक दृष्ट्या ही निवड योग्यच होती. युरोपातून जे तारे क्षितिजालगतच्या धुक्यात बुडलेले दिसतात, ते आपल्या १७ अक्षांशाच्या या गावातून मध्यान्हवृत्तावर येताना क्षितिजापासून सुमारे पन्नास अंशांवर किंवा त्याहून वर असतात. चॅटवुड यांच्यानंतर १९१४ साली रॉबर्ट पोकॉक आले. १९१८ साली त्यांचे निधन झाल्यावर टी. पी. भास्करन यांनी सूत्रे घेतली आणि १९४४ पर्यंत, म्हणजे पाव शतकाहून अधिक काळ, ती सांभाळली. १९१९ साली वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाशी जोडली गेली. दक्षिणेचा पट्टा संपत आल्यावर उत्तरेकडील ३६ ते ३९ अंशांचा पट्टाही, जो मूळचा जर्मनीतील पोट्सडॅमचा, हैदराबादने पुरा केला. आणि नवाबसाहेबांनी हौसेने आणलेली ती पंधरा इंची दुर्बीण? ती खऱ्या अर्थाने उभी राहून कामाला लागली १९२२ साली. सुमारे वीस वर्षे ती वाट पाहत होती, आणि ज्याने ती आणली तो तिच्यातून नियमित काम झालेले पाहण्यास उरला नव्हता.

श्रोतेहो, या साऱ्या कष्टांचे फळ काय? हा प्रश्न त्या काळीही विचारला जात होता. अर्धे शतक लोकांनी काचा पाहून आकडे लिहावेत, आणि तोवर खगोलशास्त्राने दुसरीच वाट धरावी! सूचीचे जाडजूड खंड ग्रंथालयांत धूळ खात पडले. त्यांना कोणी हात लावीत नसे.

परंतु १९८९ साली युरोपीय अवकाश संस्थेने हिप्पार्कस हा उपग्रह सोडला. १९९३ पर्यंत त्याने ताऱ्यांची स्थाने अभूतपूर्व अचूकतेने मोजली. तारा कोठे आहे हे त्यावरून कळले. लक्षावधी मंद तारे कोणत्या दिशेने, किती वेगाने सरकत आहेत हे मात्र तीन-चार वर्षांच्या मोजणीतून पुरेसे उमगत नव्हते. त्यासाठी तोच तारा फार पूर्वी कोठे होता, याची नोंद हवी होती. ती नोंद धूळ खाणाऱ्या त्या खंडांत होती. अमेरिकेच्या नौदल वेधशाळेने सर्व पट्ट्यांचे आकडे संगणकावर घेऊन सुमारे ४६ लाख ताऱ्यांची एकत्र सूची सिद्ध केली. तिच्या आधारे २००० साली टायको-२ ही सूची निघाली आणि २५ लाख ताऱ्यांची स्थाने व बहुतेकांच्या गती जगाला उपलब्ध झाल्या. त्या गतींच्या पायाशी ज्या जुन्या काचा आहेत, त्यांत आपल्या बेगमपेठेच्या काचा आहेत. त्या मोजणाऱ्यांना आपण कोणासाठी मोजतो आहोत हे ठाऊक नव्हते. त्यांनी फक्त काच, तारीख, वेळ आणि स्थान यांची नोंद बिनचूक ठेवली. कालांतराने यंत्रे जुनी झाली, नोंद मात्र जसजशी जुनी झाली तसतशी मोलाची होत गेली.

आता माझ्या पेटीकडे वळतो.

१९८६ च्या वसंतात हॅलेचा धूमकेतू आला होता. ११ एप्रिलला तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ येणार होता. आदल्या दिवशी पाडवा झालेला. आकाशात चंद्र नव्हता. सर आम्हां पाच-सहा जणांना घेऊन सागर रस्त्याने इब्राहिमपट्टणच्या पुढे एका ओळखीच्या शेतावर गेले. निघण्यापूर्वी आकाशवाणीच्या पावणेनऊच्या बातम्यांना त्यांनी आपले मनगटी घड्याळ जुळवले. बिजागरीच्या फळ्यांचे ते साधन त्यांनी स्वतः सुतारासमोर बसून करवून घेतले होते. त्यामागील तत्त्व सोपे आहे. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकताना दिसतात. तेव्हा बिजागरीची रेषा ध्रुवाकडे रोखायची आणि वरची फळी पृथ्वीच्या उलट दिशेने त्याच गतीने उचलत न्यायची, म्हणजे कॅमेरा ताऱ्यांबरोबर चालतो. पाव इंची, इंचाला वीस आट्यांचा बोल्ट बिजागरीपासून २९ सेंटिमीटरवर बसवला की मिनिटाला एक फेरा पुरतो. हैदराबादचा अक्षांश साडेसतरा अंशांच्या जवळचा, म्हणून खालच्या पाचरीचा कोनही तेवढाच. सर घड्याळाकडे पाहून "पाव" म्हणत आणि मी दर पंधरा सेकंदांनी बोल्टला पाव फेरा देई.

खरे सांगायचे तर धूमकेतूने आमची निराशा केली. दक्षिणेकडे, क्षितिजापासून पंचवीस अंशांच्या आसपास, एक धुरकट ठिपका, शेपूट नावापुरते. मुले कुरकुरू लागली. सर मला म्हणाले, "हा आता २०६१ साली यायचा. पण त्याच्या खालचे मित्र आणि मित्रक बघ. ते तुझ्यासाठी थांबून राहणार नाहीत. वेळ लिही." मी लिहिली. नव्हे, त्यांनी माझ्या हातून लिहून घेतली. दिनांक, मिनिटे, छिद्राचा आकडा, फिल्मचे नाव, हवेतील धुरकटपणा, सर्व काही.

तो पहिला डबा. उरलेले दहा डबे माझे. आकाशगंगा, मृग, कृत्तिका. सुंदर चित्रे आहेत ती. पण त्यांच्यापुढे वहीत एक अक्षर नाही. 'उद्या लिहू' म्हणत राहिलो, मग नोकरी, बदल्या, संसार. सरांची दोन कार्डे आली. दोन्हींत क्षेमकुशलानंतर एकच प्रश्न होता : वही कुठवर आली? पहिल्याला मी गोलमाल उत्तर दिले. दुसऱ्याला दिलेच नाही. पुढे सर गेले. त्या दहा डब्यांतील चित्रे कोणत्या रात्रीची, कोणत्या वर्षाची, हे आज मलाही सांगता येत नाही. खजिना असावा आणि किल्ली आपणच विहिरीत टाकावी, तशी ही गोष्ट.

पेटी उघडल्यावर महिनाभर मी त्या साहित्याशी झटत होतो. कोठीतील एका वृद्ध कारागिरांनी भिंग उघडून बुरशी काढली. तिचे काही चरे कायमचे राहिले. कॅमेऱ्याचा पडदा दुरुस्त होण्यापलीकडे गेला होता. तेव्हा बाजारात मिळणारी एक धातूची कडी मध्ये घालून जुने भिंग पुतण्याच्या डिजिटल कॅमेऱ्याला बसवले. बोल्ट रॉकेलमध्ये चार दिवस बुडवून मोकळा केला. पहिल्या रात्री गच्चीवरून घेतलेल्या चित्रात प्रत्येक तारा लांबलचक रेघ होऊन उमटला. यंत्रात दोष शोधता शोधता पहाट झाली. दोष माझ्यात होता. मी बोल्ट उलटा फिरवीत होतो. जे हात १९८६ साली अंधारात अचूक चालत, ते दिशा विसरले होते.

पुढे शाळेच्या विज्ञान मंडळातील नववीच्या चार विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या शिक्षकांना बरोबर घेऊन १० एप्रिल २०२४ च्या रात्री मी पुन्हा सागर रस्त्याला गेलो. त्या वेळीही आदल्या दिवशीच पाडवा झाला होता. हा योगायोग नव्हे. १९ सौर वर्षांत जवळजवळ नेमके २३५ चांद्रमास बसतात, म्हणून दर १९ वर्षांनी तिथी व तारीख पुन्हा जुळतात, आणि १९८६ ते २०२४ म्हणजे अशी दोन आवर्तने. शेत आता उरले नाही. जवळच्या एका मोकळ्या जागेत साधन मांडले. १९८६ साली सहा मिनिटे कॅमेरा उघडा ठेवला तरी आकाश काळे राही. आता शहर वाढत वाढत तेथवर आले आहे, आणि अर्ध्या मिनिटातच चित्राला पिवळट झाक येते. म्हणून अर्ध्या-अर्ध्या मिनिटाची पुष्कळ चित्रे घेऊन ती पुढे संगणकावर एकत्र करावी लागली. दक्षिण क्षितिजावरील धुरकट उजेडातून मध्यरात्रीनंतर मित्र आणि मित्रक मात्र स्पष्ट दिसत होते.

मित्र हा आपल्या सूर्याचा शेजारी, सव्वाचार प्रकाशवर्षांहून थोडा पलीकडे. जवळ असल्यामुळे त्याची गती आपल्याला जाणवते : वर्षाला सुमारे ३.७ विकला. अडतीस वर्षांत ती सव्वादोन कलांच्या किंचित वर जाते. निजामियाच्या काचेवर एवढे अंतर दोन मिलिमीटरांहून अधिक भरले असते. आमच्या लहान भिंगात एक मिलिमीटर म्हणजे जवळजवळ एक अंश, म्हणून तेच अंतर जेमतेम मिलिमीटरचा पंचविसावा भाग. ते मोजता येईल का, याची मला शंकाच होती. शाळेच्या संगणक कक्षात मुलांनी जुनी निगेटिव्ह प्रकाशयंत्रावर मोठी करून घेतली, दोन्ही चित्रांतील बारा मंद तारे निवडले आणि ते एकमेकांवर तंतोतंत बसवले. बाराही तारे जागच्या जागी राहिले. मित्रकही राहिला. मित्र तेवढा जागचा हलला होता. मुलांनी पाच वेळा मोजले. उत्तर दोन ते अडीच कलांच्या दरम्यान आले. दिशा पश्चिमेची, मित्रकाच्या रोखाने. याच गतीने सुमारे चार हजार वर्षांनी मित्र मित्रकाजवळ पोचलेला दिसेल.

एका मुलीने विचारले, "काका, तुमच्या बाकीच्या डब्यांतून आणखी तारे मोजू या का?" मला नाही म्हणावे लागले, आणि का, तेही सांगावे लागले. त्या मुलांसमोर ती कबुली देणे मला जड गेले. परंतु सरांना न दिलेले उत्तर निदान त्यांच्या शाळेत दिले गेले, असे आता वाटते.

यंत्रे हवीत, त्यांची निगाही राखायला हवी. जफर जंगांची दुर्बीण वीस वर्षे पडून राहिली तरी उभी करता आली, माझा बोल्टही रॉकेलने सुटला. विसरलेली दिशाही पुन्हा शिकता येते. परंतु न लिहिलेली तारीख कोणत्याही कारागिराला दुरुस्त करता येत नाही. बेगमपेठेच्या त्या अज्ञात मोजणाऱ्यांनी आणि आमच्या सरांनी जे केले ते एवढेच होते, आणि ते फार मोठे होते : आजची गोष्ट आजच लिहून ठेवली, आणि तिचा उपयोग उद्याच्या माणसावर सोपवला.

संस्थेच्या अनुमतीने ते भिंग, त्या फळ्या, सरांची वही आणि अकराही डबे मी आज शाळेच्या स्वाधीन करीत आहे. दहा डबे मुद्दाम देत आहे. वही थांबली म्हणजे काय होते, हे मुलांना पाहता यावे म्हणून. वहीत १९८६ च्या नोंदीखाली २०२४ ची नोंद त्या मुलीच्या हस्ताक्षरात आहे. दरवर्षी पाडव्याच्या दुसऱ्या रात्री मित्र-मित्रकाचे एक चित्र घ्यावे आणि त्याखाली चार ओळी लिहाव्यात, एवढी माझी विनंती आहे. २०४३ साली पाडवा पुन्हा त्याच सुमारास येईल. तेव्हा आजची नववीची मुले तिशी ओलांडलेली असतील आणि मी बहुधा नसेन. मित्र मात्र आणखी एक कलेहून थोडा अधिक पुढे सरकलेला असेल.

 सरांच्या स्मृतीस वंदन करून माझे भाषण संपवतो.